दोन बोटं आणि एक अंगठा

ही गोष्ट २०२४ सालच्या मार्च महिन्यातली. धुळ्यात ऊन नुकतंच चढायला लागलं होतं आणि मोतीलाल आबांच्या शाळेत नवा कॉम्प्युटर येऊन तीन आठवडे झाले होते. पुण्याला मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तो शाळेला भेट दिला होता. पांढरा, पाटीसारखा पातळ, नाव मॅक. शाळेतले बाकीचे चौदा कॉम्प्युटर विंडोजचे. नवा आला तो थेट अध्यक्षांच्या, म्हणजे आबांच्या, केबिनमध्ये गेला आणि त्याच्यावर क्रोशाने विणलेलं झाकण पडलं. पूर्वी घरात रेडिओ यायचा तेव्हा त्याच्यावर असंच झाकण असायचं, आणि बातम्या ऐकण्यापेक्षा ते झाकण सरळ करण्यातच घरच्या बायकांचा जास्त वेळ जायचा.

शाळेचे हेडक्लार्क ज्ञानेश्वर यांचं आणि त्या यंत्राचं पहिल्या दिवसापासून फाटलं. "खिडकी बंद करायची फुली उजव्या हाताला असते," ते येईल त्याला सांगत. "वीस वर्षं मी उजवीकडे दाबतोय. आणि ह्याची फुली डावीकडे! देवाला फूल तरी कुणी डाव्या हाताने वाहतं का?"

दुसऱ्या आठवड्यात तर कहर झाला. ज्ञानेश्वर त्याच्यावर पगारपत्रक करत बसले होते. त्यांच्या माऊसची टिचकी चुकून पडद्यावरच्या रिकाम्या चित्रावर पडली आणि उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या सर्रकन चारी बाजूंना पळाल्या. मागे उरला नुसता डोंगराचा देखावा. ज्ञानेश्वर खुर्चीवरून उठून ओरडले, "पगार गेला!" पगार गेला म्हटल्यावर तास सोडून शिक्षक धावत आले. वीस मिनिटं कुणीही त्या यंत्राला हात लावला नाही. विंचू बसलेल्या चपलेकडे बघावं तसे सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले.

शेवटी इंदिराबाई आल्या. त्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, आता संस्थेच्या सभासद, वय चौऱ्याहत्तर. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, त्या डोंगरावर आणखी एक टिचकी मारली, आणि सगळ्या खिडक्या निमूटपणे घरी परतल्या. पगारपत्रकही परतलं.

"अक्का, तुम्हाला कसं माहीत?" ज्ञानेश्वरांनी घाम पुसत विचारलं.

"अंदाज," इंदिराबाई म्हणाल्या आणि पर्स घेऊन निघून गेल्या.

त्याच महिन्यात संस्थेला कॉम्प्युटर शिक्षकाची एक कायम जागा मंजूर झाली. बारा वर्षांनी मिळालेली जागा. अर्जांतून दोनच उमेदवार उरले. एक राजदीप, आबांच्या साडूचा नातू. दुसरी शिल्पा. ती जळगावजवळच्या असोद्याची सून, आणि संस्थेच्या जळगावच्या शाखेत नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे. दिवाळी आली की पैसे बंद, मे महिना आला की पैसे बंद. जून महिन्यात तिचं वय सरकारी मर्यादेच्या पलीकडे जाणार होतं. मुलाखत हुकली असती तर शिल्पा पुन्हा कधीही, कुठल्याही शाळेत कायम होऊ शकली नसती.

आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण राजदीप घरचा होता.

आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा त्यांच्या वडिलांनी, थोरल्या आबांनी काढली. घराण्याचा मूळ धंदा बैलांचा, तो आबांनीही केला. बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दोन व्यापारी हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात, आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. थोरल्या आबांनी शाळा काढली तरी उपरणं काही सोडलं नाही. १९७४ साली इंदिराबाई स्वतः चोवीस वर्षांच्या असताना ह्याच शाळेत मुलाखतीला आल्या होत्या. समोर थोरले आबा आणि त्यांचे चिटणीस हातात हात घालून, वर उपरणं घेऊन बसलेले. इंदिराबाईंना वाटलं, किती प्रेमळ माणसं आहेत, म्हातारपणीसुद्धा एकमेकांचा हात सोडत नाहीत. त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. जागा चिटणिसांच्या भाचीला मिळाली. उपरण्याखाली काय चाललं होतं ते इंदिराबाईंना कळायला सहा वर्षं लागली, आणि तेवढीच वर्षं ह्या शाळेत शिरायला.

आता काळ बदलला होता. निवड समितीत बाहेरचा एक तज्ज्ञ असलाच पाहिजे असा नियम होता. म्हणून जळगावच्या कॉलेजातल्या प्राध्यापक डॉ. कामिनी यांचं नाव आलं होतं. त्या येऊन शेजारी बसल्या असत्या तर आबांची पंचाईत झाली असती. तेव्हा आबांनी सभेत आपल्या अहिराणी थाटात जाहीर केलं, "मुलाखत व्हिडिओवर घेऊ. अक्का, जग कोठे जाई राहिनं, आन आपण अजून लोकस्ले येस्टीना धक्का खावाडतस!"

"मग जुन्या कॉम्प्युटरवर घेऊ," ज्ञानेश्वर घाईघाईने म्हणाले. "तो माझ्या हातातला आहे."

"छे," इंदिराबाई म्हणाल्या. "नवा कशाला आलाय? आबासाहेब अध्यक्ष आहेत. त्यांना नवाच शोभेल."

आबांना ते पटलं. शोभण्याची गोष्ट त्यांना नेहमीच पटत असे.

"आणि ज्ञानेश्वर, तू आमच्या समोर बस, कॉम्प्युटरच्या मागे, भिंतीशी," इंदिराबाईंनी पुढे सांगितलं. "गुणांचा तक्ता तुझ्याकडे. म्हणजे आबासाहेबांना तू दिसशील आणि त्यांना मान वळवावी लागणार नाही."

हेही आबांना पटलं. इतकं पटलं की ही व्यवस्था आपणच काढली असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटू लागलं.

आबा स्वतः लिहीत नसत. अध्यक्ष झाल्यापासून सहीपलीकडे त्यांनी काही लिहिलं नव्हतं. त्यांचे गुण ज्ञानेश्वर तक्त्यात भरणार, आणि उमेदवारासमोर आकडा तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. मुलाखतीच्या दिवशी सकाळी आबांनी ज्ञानेश्वरांना केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

"ध्यानमा ठेव. दोन बोटं म्हणजे दोन मार्क. अंगठा म्हणजे ठेंगा, शून्य. आन मूठ म्हणजे बठ्ठा. वीसना वीस."

"सगळेच्या सगळे. मग आत्ताच सांगून टाका ना आबा, कुणाला किती. मी लिहून ठेवतो."

आबा दुखावले. "मी बैल इकेल माणूस शे. जनावर पाह्यल्याबिगर मी आकडा सांगस नही."

तिकडे असोद्याला शिल्पाने नेसायची साडी आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवली होती. तिच्या घरी जुना विंडोजचा लॅपटॉप होता. मॅक तिने बापजन्मात हाताळला नव्हता. पण मुलाखतीत तुलना विचारतात हे ऐकून ती दोन रविवार जळगावच्या एका मोठ्या दुकानात जाऊन उभी राहिली होती. मांडून ठेवलेल्या मॅकवर तासभर हात चालवायचा आणि परत यायचं. दुसऱ्या रविवारी दुकानातल्या माणसाने विचारलं, "ताई, घ्यायचाय का?" शिल्पा म्हणाली, "नाही हो, मुलाखत आहे." त्याने लगेच तिला स्टूल आणून दिलं, आणि जाताजाता त्या यंत्राच्या चार गमतीही दाखवल्या.

मुलाखत अकराला होती. दहा चाळीसला असोद्याची लाईट गेली.

"काहून व माय, आजच मेली कशी!" शिल्पाच्या सासूबाई केसरबाई ओट्यावरून ओरडल्या.

लॅपटॉपची बॅटरी एकेचाळीस टक्के होती. जुनी बॅटरी, तिचे एकेचाळीस म्हणजे नव्याचे पंधरा. शिल्पाने मोबाईलवरून इंटरनेट जोडलं, पडद्याचा उजेड कमी केला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. केसरबाई दारात पहारा देत उभ्या राहिल्या. "बोल तू बिनधास्त. कोंबडीबी आत नाही येऊ देत मी."

धुळ्यात बरोबर अकराला आबा आणि इंदिराबाई मॅकसमोर बसले. काचेची चमक पडद्यावर वाईट दिसते म्हणून आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. त्यांना पडद्यावर रंगीत धुकं दिसत होतं, पण पलीकडे भिंतीशी बसलेले ज्ञानेश्वर स्पष्ट दिसत होते, आणि तेवढं पुरेसं होतं. पडद्यावर कामिनी मॅडम आल्या. पाठोपाठ यंत्रातून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हनस ती?" आबांनी विचारलं.

"मीटिंग सुरू झाली म्हणतेय," ज्ञानेश्वर मागून म्हणाले. खरं म्हणजे ती बाई रेकॉर्डिंग सुरू झालं म्हणत होती.

पहिला राजदीप. तो शेजारच्याच खोलीत विंडोजसमोर बसवला होता. त्यामुळे त्याचा आवाज आधी भिंतीतून येई आणि मग यंत्रातून.

"नमस्कार," भिंत म्हणाली.

"नमस्कार," यंत्र म्हणालं.

"राजदीप, सोपा प्रश्न विचारते," कामिनी मॅडम म्हणाल्या. "विंडोज आणि मॅक, दोन्हींच्या पडद्यावर अलीकडे नव्या सोयी आल्यात. त्यांची तुलना करा. जरा डावं-उजवं सांगा."

राजदीप थोडा वेळ हसला. "मॅडम, दोघांची आपापली जागा आहे. म्हणजे बघा, जसं भरीत आणि शेवभाजी."

"बरं. मग फरक काय?"

"भरीत हिवाळ्यात चांगलं लागतं," भिंत म्हणाली आणि मागोमाग यंत्रानेही तेच सांगितलं.

"मी कॉम्प्युटरबद्दल विचारतेय."

"तेच सांगतोय मॅडम. सवयीचा प्रश्न आहे."

आबांनी ज्ञानेश्वरांकडे पाहून मूठ वळली आणि छातीजवळ धरली. वीस. ज्ञानेश्वरांनी मान हलवून तक्त्यात वीस लिहिले. पण ज्ञानेश्वर बसले होते यंत्राच्या मागे, म्हणजे त्यांना दाखवलेली मूठ यंत्राच्या डोळ्यासमोरच होती. जळगावला कामिनी मॅडमना दिसलं ते एवढंच, की अध्यक्ष उमेदवारावर मूठ उगारून बसलेत.

"आबासाहेब, रागावू नका," त्या घाईने म्हणाल्या. "घाबरलाय तो. मी दुसरा प्रश्न विचारते."

"मी कोठे रागावनू?" आबा गोंधळून म्हणाले. पण मूठ त्यांनी सोडली नाही, उलट जरा हलवून दाखवली. राजदीप आपल्या पडद्यावर ते बघत होता. पुढच्या दोन प्रश्नांना तो नुसता "सॉरी आजोबा" म्हणाला.

मग शिल्पा. ती पडद्यावर आली तेव्हा तिची बॅटरी एकोणीस टक्क्यांवर होती. तिने नमस्कार केला आणि डोळे त्या आकड्यावरून काढून कॅमेऱ्यावर ठेवले.

प्रश्न तोच. शिल्पाने श्वास घेतला.

"मॅडम, विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीची मेनूची पाटी तिच्या स्वतःच्या डोक्यावर असते. मॅकमध्ये सगळ्यांची मिळून एकच पाटी, पडद्याच्या अगदी वर. ज्या खिडकीत काम चालू असेल तिचं नाव त्या पाटीवर लागतं. म्हणजे विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं घर, आणि मॅकमध्ये एकाच ओट्यावर पाळीपाळीने स्वयंपाक."

कामिनी मॅडम हसल्या. "छान. पुढे?"

"नव्या विंडोजमध्ये सुरुवातीचं बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी आलंय. मॅकची चिन्हांची रांग पहिल्यापासून मध्येच होती. पण विंडोजची एक सोय मला मॅकपेक्षा आवडते. खिडकी मोठी करायच्या चौकोनावर बाण नेला की किती खिडक्या कशा बसवायच्या त्याचे नकाशे समोर येतात. पंगतीत पाट मांडून ठेवल्यासारखे. मॅकमध्ये सध्या तेवढं सोपं नाही. उलट मॅकमध्ये रिकाम्या चित्रावर टिचकी मारली की सगळ्या खिडक्या बाजूला सरकतात आणि खालचं मोकळं होतं. नवख्या माणसाला वाटतं, सगळं गेलं."

"अगदी!" यंत्रामागून ज्ञानेश्वरांचा आवाज आला. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं आणि त्यांनी तक्त्यात डोकं घातलं.

आबांना एक शब्द कळला नव्हता. पण बाजारात पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला चालीवरून जनावर कळतं. ही बाई चांगली चालत होती. ते अस्वस्थ झाले. वेळीच दावं खेचलं पाहिजे म्हणून त्यांनी ज्ञानेश्वरांना दोन बोटं दाखवली. दोन मार्क.

पडद्यावर आबांच्या पाठीमागून रंगीबेरंगी फुगे वर जाऊ लागले. लाल, निळे, पिवळे. केबिनमध्ये कुठेही फुगा नव्हता. आबा गंभीर चेहऱ्याने दोन बोटं वर करून बसले होते आणि त्यांच्या टोपीमागून फुगे छताकडे चालले होते.

"अरे वा!" कामिनी मॅडम म्हणाल्या. "आबासाहेब, आज वाढदिवस की काय?"

"अं? नही नही," आबा म्हणाले. ह्या मास्तरणी मधेच काहीही विचारतात असं त्यांना वाटलं.

शेजारी बसलेल्या इंदिराबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्यांना फुग्यांच्या दोऱ्यासुद्धा दिसत होत्या. पर्समधून त्यांनी एक वेलदोडा काढला आणि तोंडात टाकला.

शिल्पा मात्र थबकली. तिला दुकानातलं ते स्टूल आठवलं आणि त्या माणसाने दाखवलेली गंमत आठवली. फुगे कुठून आले हे तिला कळलं. कळलं नाही ते एवढंच, की आबांनी ती खूण केली कुणाला? आबांची नजर तिच्याकडे नव्हतीच. ती पडद्याच्या वरून पलीकडे, कुणाकडे तरी लागली होती. बॅटरी अकरा टक्के.

"थांबलात का? सांगा ना," कामिनी मॅडम म्हणाल्या.

शिल्पाने पुढे सांगितलं. पडद्यावर हवामान, तारीख अशा छोट्या चौकटी ठेवायची सोय दोन्हीकडे आहे. विंडोजमध्ये त्या एका बाजूच्या कप्प्यात राहतात, नव्या मॅकमध्ये त्या थेट पडद्यावर मांडता येतात. मुलांना आधी कुठलं शिकवाल ह्यावर ती म्हणाली, "जे शाळेत चौदा आहेत ते. पण फुली कुठे असते हे पाठ करून घेणार नाही. फुली शोधायची कशी ते शिकवीन. उद्या तिसरंच काही आलं तर मुलं अडायला नकोत."

हे उत्तर आबांनासुद्धा कळलं, आणि तिथेच त्यांचा धीर सुटला. दोनसुद्धा नकोत हिला. त्यांनी ज्ञानेश्वरांकडे रोखून पाहिलं आणि उजवा अंगठा ताठ वर केला. ठेंगा.

आबांच्या खांद्याशी एक भलामोठा पांढरा बुडबुडा उमटला आणि त्यात एक पिवळा अंगठा डौलाने उभा राहिला.

"आबासाहेबांनाही पटलेलं दिसतंय," कामिनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

शिल्पाने त्या अंगठ्याकडे निरखून पाहिलं. नऊ वर्षांत आबांनी कुणाचं कौतुक केलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिचे वडील पहूरचे. त्यांनीही दोन-चारदा बैल विकले होते. तो अंगठा 'शाबास'चा नव्हता. असा ताठ, जरा पुढे काढलेला अंगठा तिने लहानपणी बाजारात पाहिला होता, आणि त्यानंतर वडील बैल घेऊन तसेच घरी परत आले होते. बॅटरी सात टक्के.

इकडे ज्ञानेश्वर खाली मान घालून लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. आपला ठेंगा त्यांना दिसला की नाही ह्याची आबांना शंका आली. त्यांनी खाकरून ज्ञानेश्वरांचं लक्ष वेधलं आणि दोन्ही हातांचे दोन्ही अंगठे वर केले. डबल ठेंगा. काही म्हणजे काही नको.

पडद्यावर अंधार झाला आणि आबांच्या मागे आतषबाजी सुरू झाली. एकामागून एक बाण आकाशात जाऊन फुटू लागले. हिरवे, सोनेरी, जांभळे. भिंतीवरच्या थोरल्या आबांच्या तसबिरीवर सोनेरी ठिणग्यांचा पाऊस पडला.

"आबासाहेब!" कामिनी मॅडमना हसू आवरेना. "मुलाखतीत फटाके मी पहिल्यांदाच पाहतेय."

"कोठे शेतस फटाके?" आबांनी धडपडत खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. शेवटचे दोन बाण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी फुटताना पाहिले, आपल्याच डोक्याच्या मागे. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरडी होती. "हाई काय शे? ज्ञानेश्वर! काय व्हयनं हाई?"

ज्ञानेश्वर यंत्रामागून धावत पुढे आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आबांच्या अंगठ्यांकडे पाहिलं, आणि ते पुन्हा हळूच मागे जाऊन बसले.

"शिल्पा," कामिनी मॅडम म्हणाल्या, "हाच माझा शेवटचा प्रश्न. आत्ता पडद्यावर जे झालं ते काय होतं? आणि विंडोजवर ते झालं असतं का?"

आबांच्या कपाळावर घाम आला. दोन्ही अंगठे अजून वरच होते. ते खाली कसे घ्यावेत हे त्यांना सुचत नव्हतं. असोद्याला दारात उभ्या असलेल्या केसरबाईंनी पदर तोंडात धरला. चार टक्के.

शिल्पासमोर दोन उत्तरं होती. आबा ठेंगा दाखवत होते असं सांगितलं तर खरं होतं, पण त्यानंतर त्या संस्थेत तिला पाणीसुद्धा कुणी विचारलं नसतं. काही माहीत नाही म्हटलं तर उत्तर चुकत होतं, आणि जूनही जात होता.

"मॅडम," ती सावकाश म्हणाली, "नव्या मॅकमध्ये ही सोय आपोआप चालू असते. बोलताना कॅमेऱ्यासमोर हाताची खूण केली की तो ती ओळखून चित्र दाखवतो. दोन बोटं म्हणजे फुगे, अंगठा म्हणजे शाबासकी, दोन अंगठे म्हणजे आतषबाजी. विंडोजवर हे असं आपोआप होत नाही, म्हणून ह्या बाबतीत मॅक पुढे. पण त्यात एक उणीव आहे. आपल्याकडे अंगठ्याचे दोन अर्थ होतात. त्याला एकच शिकवलाय. त्याला खूण दिसते, मनातलं दिसत नाही. म्हणून खूण करणाऱ्यानेच सांगायचं असतं, आपल्या मनात काय होतं ते."

तीन टक्के. दोन.

"आबासाहेब," कामिनी मॅडम हसतच म्हणाल्या, "मग सांगा. काय होतं मनात? रेकॉर्डिंग चालूच आहे."

"काय चालू शे?"

"रेकॉर्डिंग. सुरुवातीला सांगितलं ना त्या बाईने."

आबांनी ज्ञानेश्वरांकडे पाहिलं. ज्ञानेश्वर छताकडे बघत होते. तेव्हा इंदिराबाईंनी वेलदोडा गालात सरकवला आणि त्या मुलाखतीत पहिल्यांदाच बोलल्या.

"आबासाहेबांना मी पन्नास वर्षं ओळखते, मॅडम. त्यांनी कुणाचं एवढं कौतुक केलेलं मी पाहिलं नाही. हो की नाही, आबासाहेब?"

आबांनी दोन्ही अंगठे हळूच खाली घेतले. "हाव," ते शेवटी म्हणाले. "पोर हुशार शे."

ते शब्द शिल्पाने ऐकले नाहीत. तिचा पडदा त्याआधीच काळा झाला होता. केसरबाई म्हणाल्या, "काय झालं व?" शिल्पा म्हणाली, "बॅटरी गेली, आत्या," आणि काळ्या पडद्यात आपलाच चेहरा बघत बसली.

धुळ्यात आता गुण वाचायचे होते. आबांना अजून आशा होती. तोंडाने काहीही बोललो तरी तक्त्यात शून्यच आहे. मॅडम रागावतील, पण कागद तो कागद. त्यांनी कोरड्या आवाजात ज्ञानेश्वरांना वाचायला सांगितलं.

"अध्यक्षांचे गुण," ज्ञानेश्वर उभे राहून वाचू लागले. "राजदीप, वीसपैकी वीस. शिल्पा, वीसपैकी वीस."

"काय!" आबा खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांना रेकॉर्डिंग आठवलं आणि ते अर्धेच खाली बसले. ज्ञानेश्वरांनी तक्ता त्यांच्यापुढे धरला. शिल्पाच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात २० होते.

"तुम्ही दाखवलं तेच लिहिलंय, आबा," ज्ञानेश्वर कानाशी लागून म्हणाले. "आधी दोन दाखवलेत, मी दोन लिहिले. मग शून्य दाखवलंत, मी त्याच्यापुढे शून्य लिहिलं."

"दोन खोडाना व्हता रे!"

"खोडणार कसे? शाळेच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. तुमचाच ठराव आहे, दोन हजार अकराचा."

मग इंदिराबाईंचे आणि कामिनी मॅडमचे गुण वाचले गेले आणि शिल्पा सव्वीस गुणांनी पुढे राहिली. असोद्याला लाईट आली ती दुपारी अडीचला. तोवर शेजारणीच्या फोनवर बातमी येऊन पोचली होती, आणि केसरबाईंनी भरितासाठी आणलेली चार किलो वांगी आळीभर वाटून टाकली होती.

पुढे शिल्पा कायम झाली. ती आता रोज धुळ्यात पाचवीपासून दहावीपर्यंत शिकवते आणि वर्षाच्या पहिल्या तासाला मुलांना फुली शोधायला लावते. राजदीपने यावलला मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलं आणि ते झकास चालतं. शाळेच्या नोकरीत आपण रमलो नसतो असं तो सांगतो आणि ते खरंही आहे. मूठ उगारणाऱ्या आजोबांच्या घरी मात्र तो अजून जात नाही. कामिनी मॅडम ते रेकॉर्डिंग आपल्या वर्गात दरवर्षी दाखवतात, आबांचा चेहरा झाकून. ज्ञानेश्वर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना एक लॅपटॉप मिळाला, विंडोजचा. त्यांनी त्याचं सुरुवातीचं बटण त्याच दिवशी मधून उचलून डाव्या कोपऱ्यात नेलं. फुली उजवीकडे आहे ना, तेवढं आधी बघून घेतलं.

इंदिराबाईंनी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी सभासदत्व सोडलं. शेवटच्या सभेनंतर केबिनमध्ये त्या आणि आबा दोघेच उरले. मॅकवरचं क्रोशाचं झाकण काढलेलं होतं. इंदिराबाई रविवारी घरून नातवाशी व्हिडिओवर बोलतात तशी त्यांनी आज जाताजाता ह्या मॅकवरूनच त्याला हाक मारली होती आणि नातू पडद्यावर वाट बघत होता. पलीकडच्या बाजूला त्याच्यामागे एक फुगा अजून वर चालला होता. हे दोघं त्या मुलाखतीच्याही आधीपासून दर रविवारी हाच खेळ खेळत होते. आबांनी त्या फुग्याकडे पाहिलं. हल्ली ते कुठल्याही सभेत हात उपरण्याखाली ठेवून बसत.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी... तुमले बठ्ठं माहीत व्हतं का?"

इंदिराबाईंनी भिंतीवरच्या थोरल्या आबांच्या तसबिरीकडे पाहिलं. मग मॅकसमोर हात धरला आणि हसून मूठ वळली.

यंत्राला त्यातलं काही कळलं नाही. आबांना कळलं.